मदत हवी: ईसीजीत अटॅक, पण मूळ दुखणं महाधमनीचं निघालं

नमस्कार मंडळी, माझे मामा सिन्नरला असतात, बीपीचा जुना त्रास, गोळ्या आठवल्या तर घेणार. मागच्या महिन्यात मळ्यातून आल्या आल्या छातीत अशी कळ आली की खालीच बसले, पहिल्या क्षणापासूनच असह्य, लगेच पाठीत गेली, आतून काहीतरी फाटतंय असं सारखं म्हणत होते. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला तर त्यात सरळ अटॅक, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायची तयारीपण झाली. पण सिस्टरनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं तर डाव्याला वरचं १६० आणि उजव्याला ११०, म्हणून डॉक्टर थांबले आणि ॲम्ब्युलन्सने नाशिकला पाठवलं. सीटी ॲंजिओत (औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला स्कॅन) दिसलं की महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला थर फाटलाय आणि ती चीर हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीच्या तोंडापर्यंत गेलीय, म्हणून ईसीजी तसा आला. त्याच रात्री ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. त्या सिस्टरचे उपकार आम्ही विसरणार नाही.

विचारायचं हे की रक्ताच्या तपासणीत हे कळत नाही का? सगळ्यांचाच सीटी का करत नाहीत? आणि आईलापण बीपी आहे, ती मामांची सख्खी बहीण, तिचं काही तपासायला हवं का?

उत्तर:
मी कॅज्युअल्टीत काम करतो. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) गुठळीचा अटॅक आणि महाधमनी फाटणं या दोन्हीत वाढू शकतं, त्यावरून फरक कळत नाही. एक्स-रेत छातीचा मधला भाग रुंद दिसला तर शंका येते पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही. सगळ्यांचा सीटी करत बसलो तर खऱ्या गुठळीवाल्या पेशंटचा वेळ जाईल आणि तेच जास्त असतात, म्हणून आधी शंका यायला हवी: एकदम सुरू झालेली पाठीत जाणारी कळ, दोन हातांच्या वरच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक, एखादी नाडी न लागणं, दुखण्यासोबत हातपाय लुळा पडणं. अशात बेडजवळच एको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि पेशंट हलवण्यासारखा असेल तर लगेच सीटी. शंका असताना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं तर रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. त्यामुळे नातेवाइकांनी कळ कशी आली ते पेशंटच्याच शब्दांत सांगा, नुसतं छातीत दुखतंय एवढंच नको. आईंना कार्डिओलॉजिस्टकडे नेऊन टूडी एको करून घ्या, महाधमनीची रुंदी मोजायला सांगा, आणि जाताना मामांचा सीटी रिपोर्ट सोबत ठेवा.