बाबांच्या तळपायाची जखम दिवाळीपासून भरतच नाहीये, रोज ड्रेसिंग चालू आहे तरी

मानेवाड्याची_मुक्ता
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. बाबांना शुगर आहे, बरीच जुनी. दिवाळीच्या सुमारास उजव्या अंगठ्याच्या खाली तळव्याला घट्टा आला होता, तो फुटला आणि आतून जखम निघाली, रुपयाच्या नाण्याएवढी. तेव्हापासून घराजवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग चालू आहे, अँटिबायोटिक पण बदलून बदलून झाले. एचबीए१सी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.८ होता तो आता ७.४ वर आलाय, म्हणजे शुगर पण आटोक्यात, तरी जखम तिथल्या तिथे. दुखत अजिबात नाही म्हणून बाबा महाल भागातल्या आमच्या दुकानात रोज जाऊन राहिले, दिवसभर काउंटरला उभे, चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला पण अनवाणी जाऊन आले. आता कोणी म्हणते चांदीवालं महाग ड्रेसिंग लावा, कोणी म्हणते जखमेतलं पाणी ओढून घेणारी व्हॅक मशीन लावा. पैशाचं बघू आम्ही, पण नेमकं काय करावं तेच समजून नाही राहिलं.

इतवारीकर
ताई आमच्या घरी आजी हळद आणि तूप लावायची, मोठमोठ्या जखमा भरल्या त्याने. कडुनिंबाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवा रोज, फरक पडेल.

सिस्टर_रामबाग
इतवारीकर दादा, मनापासून सांगितलं तुम्ही पण हे करू नका बाप्पा. शुगरच्या पायाला गरम कळत नाही, पाणी किती गरम आहे तेच समजत नाही आणि पाय भाजून येतात आमच्याकडे. उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर मंदिराच्या फरशीवर अनवाणी चालून फोड आलेले पण तेच.

मुक्ताताई, मी जखमांच्या ड्रेसिंगचंच काम करते म्हणून लिहून राहिली. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे "दुखत नाही". अंगठ्याखाली एवढी जखम घेऊन माणूस दिवसभर उभा राहतो म्हणजे नसा बधिर झाल्या आहेत. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. आता बाबा चालले की प्रत्येक पावलाला सगळा भार त्याच जागेवर, रात्रभरात जी नवी कातडी धरते ती दुकानात पोचेपर्यंत तुटते. वरून चांदी लावा की सोनं, भार तोच राहिला तर जखम भरणार कशी? वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हेच दाखवलं होतं, की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो. कुष्ठरोग्यांच्या अशाच उपचारांतून तळव्याला सगळीकडून घट्ट बसणारं प्लास्टर पुढे आलं, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. काढता न येणारं असतं म्हणून ते जास्त चालतं, कारण काढता येणारा बूट घरात आल्यावर माणूस काढूनच ठेवतो.

पण प्लास्टर आधी नाही. आधी पायात रक्त नीट येतंय का ते पाहायचं. हाताने नाडी, मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह तपासायचं मशीन. घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली असलं तर रक्तपुरवठा कमी. फक्त शुगरवाल्यांच्या धमन्या कडक होतात म्हणून हा आकडा कधीकधी खोटा चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचं बीपी पण विचारा. दुसरं, डॉक्टरांना जखमेत बोथट सळई घालून खाली हाड लागतं का ते पाहायला सांगा. हाड लागलं तर हाडात इन्फेक्शन असण्याची शक्यता खूप वाढते. एक्स-रे सुरुवातीचे दोनतीन आठवडे साफच दिसू शकतो, त्यावर निर्धास्त राहू नका.

आणि जखमेच्या कडेचा पांढरा घट्टा दर वेळी कापून काढतात का? नुसती पट्टी बदलणं म्हणजे ड्रेसिंग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत असतील तर थांबवा, नवीन पेशी मरतात त्याने, सलाईनने धुतलं की पुरे. जखम सुकवायची पण नसते, थोडी ओल राहिली की कातडी लवकर सरकते. विंटर म्हणून एकाने १९६२ मध्ये डुकरांवर ते दाखवलं, तरी आपल्याकडे अजून लोक खपली धरायची वाट पाहतात. अँटिबायोटिक लाली, सूज, गरमपणा, पू असला तरच, नुसती जखम भरत नाही म्हणून नाही. व्हॅक मशीन खोल जखमेला, ऑपरेशननंतर छान काम करतं पण या सगळ्याच्या नंतर. दर आठवड्याला पट्टी बाजूला ठेवून फोटो काढा. नीट उपचार चालू असून ४ आठवड्यांत निम्मी झाली नाही तर परत शोधायचं काहून नाही होऊन राहिली ते.

धंतोली_दादा
एक जोडतो. माझ्या काकांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूला होती, व्हेरिकोज व्हेन्सची. त्यांना उलट चालायला सांगितलं आणि थरांची घट्ट पट्टी बांधली त्याने भरली. म्हणजे जागा बघून उपाय वेगळा, काकांचं ऐकून बाबांना पट्टी बांधू नका. रक्त कमी असताना घट्ट बांधलं तर पाय काळा पडू शकतो.

मानेवाड्याची_मुक्ता
सिस्टर, खूप खूप आभार. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवून आलो. नाड्या चांगल्या आहेत, डॉपलर ठीक. पण सळई हाडाला लागली आणि एमआरआयला सांगितलंय. बाबा आता खूप घाबरले, म्हणतात पाय कापणार. खरंच कापावा लागेल का?

सिस्टर_रामबाग
रक्त चांगलं आहे ना, मग पाय वाचवायला पुष्कळ जागा आहे. हाडाचं इन्फेक्शन निघालं तरी काहींचं साधारण ६ आठवड्यांच्या अँटिबायोटिकने जातं, काहींचं तेवढाच हाडाचा तुकडा काढतात. बाबांना हे नीट सांगा, घाबरलेला माणूस दवाखान्यातच येत नाही. खर्चासाठी तिथल्याच आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या माणसाला भेटा. ताप आला, लाली वर चढली, वास आला किंवा बोट काळं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टी. दुकान काही दिवस तुम्ही सांभाळा. आणि डावा पाय पण रोज रात्री तळव्यापासून बोटांच्या फटीपर्यंत पाहा, उजवा वाचवताना सगळा भार तिकडे जातो. भरल्यावर एमसीआर म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल मापाने करून घ्या, घरात पण तीच.

मानेवाड्याची_मुक्ता
हो सिस्टर, दुकानात उद्यापासून मीच बसते. एमआरआय शुक्रवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकते.