बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड : परवडणारा उपाय कोणता?

प्रश्न
आमची वस्ती यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आहे. बोअरच्या पाण्याच्या तपासणीत फ्लोराइड लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम आले असून अनेक मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. घरोघरी आरओ बसवणे परवडणारे नाही. पाणी उकळून प्यायल्यास फरक पडेल का?

उत्तर १
उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार मर्यादा १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात चुना आणि तुरटी घालून दहा मिनिटे सावकाश ढवळतात, तासभर निवळू देतात आणि तळाशी बसलेला गाळ न हलवता वरचे पाणी काढून घेतात. तुरटीची मात्रा फ्लोराइड व अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सामावून घेण्याची क्षमता) या दोन्हींवर ठरत असल्याने ती अंदाजाने घालू नये.

उत्तर २
पद्धत स्वस्त आहे, हे मान्य. पण रोज मोजून तुरटी घालणे प्रत्येक घराला जमेल असे वाटत नाही, शिवाय मात्रा चुकल्यास पाण्यात ॲल्युमिनियम उरते. वस्तीसाठी एकच सक्रिय ॲल्युमिनाचे (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे) फिल्टर अधिक सोयीचे, मात्र त्यातील दाण्यांची क्षमता संपली की ते कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुवावे लागतात. अशा योजना मोडतात त्या इथेच: टाकी उभी राहते, दाणे कोणी धुवायचे हे ठरलेले नसते.

उत्तर ३
वस्तीत जुनी उघडी विहीर असल्यास आधी तिचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, कारण खोल बोअरपेक्षा पावसाने भरणाऱ्या उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असते. तिथे जंतूंचा धोका अधिक, म्हणून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नियमित टाकावी लागेल. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या माणशी रोज ४० लिटरच्या जुन्या निकषात पिणे आणि स्वयंपाक यांचा वाटा ८ लिटरच होता. आंघोळ, धुणे आणि जनावरे यांना बोअरचे पाणी चालेल.

प्रश्नकर्ता
विहीर आहे, पण मार्चनंतर आटते.

उत्तर ३
मग पाणी असेपर्यंत तीच वापरावी आणि फिल्टर उन्हाळ्यापुरते चालवावे. दाणे कमी वापरले गेले की धुण्याचा खर्चही त्याच प्रमाणात घटेल.