बालमासिकांना कथा पाठवायची आहे: कुठे, कधी आणि कशी?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. वर्गातल्या मुलांसाठी गोष्टी लिहितो आणि परिपाठ झाला की वाचून दाखवतो. त्यातली एक गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागतात. सुमी नावाची मुलगी, तिची चांदी नावाची शेळी आणि आठवडे बाजार, अशी ती गोष्ट आहे. सहकारी म्हणतात, मासिकाला पाठव. पण आमच्याकडे हे कुणी केलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाही प्रश्नच आहे.

कोणत्या मासिकाला पाठवावी? हाताने लिहिलेली चालते का? दोन-तीन ठिकाणी एकदम पाठवली तर? सोबत चित्रं द्यावी लागतात का? गोष्ट साधारण 2200 शब्दांची आहे. आणि सुमी घरात जसं बोलेल तसं, म्हणजे अहिराणीत, तिचं बोलणं लिहिलंय. ते ठेवू की प्रमाण मराठीत करू?

दप्तरातलं_पुस्तक
गुरुजी, पहिलं नाव 'किशोर'. बालभारतीचं मासिक, नोव्हेंबर 1971 पासून निघतंय. तुमच्या शाळेच्या कपाटातही असेल. जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. पुण्याचं 'छात्र प्रबोधन' माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहे, मुंबईचं 'वयम्' साधारण त्याच वयाचं. 'चिकूपिकू' अगदी लहानग्यांसाठी. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंकही बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर बालमासिकांच्या पत्त्यांची एक यादी फिरते, तिच्यात अजून 'चांदोबा' आहे. तो केव्हाच बंद झाला. म्हणून पत्ता नेहमी ताज्या अंकातूनच घ्यावा.

खोडरबर
मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी बरीच वर्षं वाचते. पहिली चाळण माझ्याकडे असते, त्यामुळे पाकीट उघडणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

गुरुजी, पाठवण्याआधी एक काम करा. ज्या मासिकाला पाठवायची आहे त्याचे मागचे वर्षभराचे अंक घेऊन बसा आणि फक्त कथा वाचा. कथा किती पानांची आहे, वाक्यं केवढी आहेत, मुख्य पात्र किती वर्षांचं आहे, बघत जा. आमच्याकडे परत जाणाऱ्या कथांमध्ये वाईट लिहिलेल्या फार नसतात. चुकीच्या दारात आलेल्याच जास्त असतात. बारावीतल्या मुलाची प्रेमभंगाची कथा मुलांच्या अंकाला येते. आजोबांच्या आठवणी येतात, त्यात आजोबाच लहान असतात आणि वाचणाऱ्या मुलाला त्यात शिरायला जागाच नसते. लेखक चांगला असूनही आम्हाला कथा परत करावी लागते.

वयाचं म्हणाल तर, नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरं नसलेली कथा लागते. ती लिहून बघा, भल्याभल्यांची दमछाक होते. 'प्रकाश', 'रस्ता', 'म्हणाला' सगळं बाद. तुमची तिसरी-चौथीची मुलं त्या पायरीच्या पुढे आहेत, त्यांना हजार-बाराशे शब्द सहज पेलतात. चित्राला जागा दिली की एका पानात तीनशे शब्द राहतात, म्हणजे तुमच्या 2200 शब्दांना सात पानं. नवख्या नावाला सात पानं द्यायला संपादक कचरतो, कारण तेवढ्या जागेत दोन कथा आणि एक कविता बसते. निम्मी करा. कशी करायची ते सांगते, पण त्याआधी सुरुवात आणि शेवट इथे टाका.

वेळेचं गणित सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते आणि गणपतीपर्यंत बहुतेक मजकूर अक्षरजुळणीला गेलेला असतो. दसऱ्याला पाठवलेली 'दिवाळी अंकासाठी कथा' पुढच्या वर्षीचीच समजायची. मासिकालाही पावसाची गोष्ट मार्च-एप्रिलमध्ये पाठवावी लागते, कारण जूनच्या अंकाची चित्रं तेव्हा सुरू होतात. बाहेर ऊन तापलेलं असताना पावसाची गोष्ट लिहायला जमवून घ्यावं लागतं.

हस्तलिखित अजूनही काही जण घेतात, पण टंकलिखित पाठवा. युनिकोडमध्ये, वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ. जुन्या श्रीलिपीतली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसला की नुसती चिन्हं होऊन उघडते. वहीच्या पानांचे फोनवर काढलेले फोटो तर कृपा करून नकोत. बोलून टाइप केलं असेल तर एकदा मोठ्याने वाचून पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं घाला, नाहीतर कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. फाइलला कथेचं आणि तुमचं नाव द्या. 'नवीन कथा फायनल' या नावाच्या फायली माझ्याकडे ढिगाने पडल्यात. पत्र चार ओळींचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, कोणत्या वयासाठी, आधी कुठे छापलेली नाही, तुमचा पत्ता आणि फोन. कथा कशाबद्दल आहे आणि तिच्यातून मुलांना काय शिकायला मिळेल हे लिहू नका, ते आम्ही वाचणारच आहोत.

एका वेळी एकीकडेच पाठवा. दिवाळी अंक सगळे एकाच सुमारास बाजारात येतात आणि एकच कथा दोन अंकांत निघाली की दोन्ही दारं बंद होतात. तीन महिने थांबा. उत्तर आलं नाही तर विचारा. तरी आलं नाही तर 'ही कथा मी मागे घेत आहे' असं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा.

तापीकाठ
ताई, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवात देतो:

"सातपुड्याच्या कुशीत वसलेले एक छोटेसे, निसर्गरम्य गाव होते. गावात सर्व जातीधर्माचे लोक गुण्यागोविंदाने राहत होते. त्या गावात सुमी नावाची एक गरीब पण प्रामाणिक मुलगी राहत होती. तिच्याकडे चांदी नावाची एक शेळी होती."

मग दीड पान गावाचं वर्णन आहे. पुढे घरात पैशांची नड म्हणून वडील चांदीला बाजारात नेतात. तिथे व्यापारी तिचे दात बघतो, "म्हातारी आहे" म्हणून भाव पाडतो आणि विकत घेतो. सुमी गप्प उभी राहून रडते. रात्री चांदी दावं तोडून घरी येते. वडिलांचं मन बदलतं आणि ते पैसे परत करतात. शेवट असा: "म्हणून मुलांनो, आपण मुक्या प्राण्यांवर प्रेम केले पाहिजे. ते बोलू शकत नसले तरी त्यांना भावना असतात."

खोडरबर
गुरुजी, तुमची गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. व्यापारी शेळीचं तोंड उघडून दात बघतो, तिथे. ते पहिलं वाक्य करा. पुण्या-मुंबईच्या मुलाने हे कधी पाहिलेलं नसतं, ते तिथेच खिळून राहील. तुमच्या गावच्या मुलाने पाहिलेलं असतं, ते मान डोलावेल. सातपुड्याच्या कुशीने दोघांनाही काही मिळत नाही. "गरीब पण प्रामाणिक" यातल्या 'पण'कडे नीट बघा. गरीब असूनही प्रामाणिक, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांना आपण हे ऐकवायचं?

आता मुख्य गोष्ट. शेळीचे दोन दुधाचे दात पडून पक्के आले की ती दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की पूर्ण वाढलेली. चार दाती म्हणजे साधारण दोन वर्षांची. हे शेळ्या राखणाऱ्या घरातल्या पोरीला माहीत असतं, तुम्हालाही असणार. मग सुमी गप्प का उभी आहे? व्यापारी म्हातारी म्हणतोय आणि चांदी चार दाती आहे हे तिला ठाऊक आहे. तिने मोजून दाखवू दे. दहा वर्षांची पोर भर बाजारात, चार माणसांसमोर, शेळीचा खालचा ओठ ओढून दात मोजतेय. अख्खी कथा या एका जागेवर उभी राहते.

आत्ता तुमच्या कथेत सगळं चांदी आणि वडीलच करतात, सुमी फक्त रडते. मुलांच्या कथेत मूल काहीतरी करतं, निदान करून बघतं. फसलं तरी चालेल. दावं तोडून शेळी आपोआप परत येते तेव्हा लेखकाने सुमीच्या हातातलं काम काढून घेतलेलं असतं.

शेवटी चांदी विकली जावी की राहावी हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर, विकली गेली तरी कथा बिघडत नाही. घरात पैशांची नड आहे हे तुम्ही लिहिलंय, ते खरं असू द्या. सुमीने योग्य भाव मिळवून दिला आणि तरी चांदी गेली, तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणं चौथीतल्या मुलाला जमतं. आपण मोठी माणसं त्यांना उगाच कमी लेखतो.

आणि "म्हणून मुलांनो" काढा. पोरं शेळीवर प्रेम करायला सुमीकडून शिकली तर शिकली, तुमच्या त्या ओळीने शिकणार नाहीत. ही ओळ मला इतक्या कथांमध्ये दिसते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण ती बहुतेकदा चांगल्या कथेच्या खाली असते. वर्गात कथा वाचताना तुम्ही ती ओळ वाचता तेव्हा मुलं काय करतात, बघा एकदा.

रेघोट्या
मी मुलांच्या अंकांसाठी चित्रं काढते. गुरुजी, कथेसोबत चित्रं पाठवू नका, ती संपादक करून घेतात. फोटो मात्र जरूर द्या. खेडं म्हटलं की आमच्यापैकी बरेच जण सवयीने कौलारू घर आणि मागे नारळाचं झाड काढून मोकळे होतात. शिरपूरकडे नारळ कुठला! धाब्याचं घर कसं दिसतं, बाजारात शेळ्या कशा बांधून ठेवतात, बायका डोक्यावरून पदर कसा घेतात, याचे चार-पाच साधे फोटो कथेसोबत आले तर चित्रकाराचं काम सोपं होतं आणि तुमचं गाव तुमच्या गावासारखं दिसतं. दात मोजतानाचं चित्र तर मला आत्ताच दिसायला लागलंय. शेळीचं तोंड पानभर मोठं आणि सुमीची बोटं.

पानपालटी
मानधनाचं कुणीच बोललं नाही. माझी कथा एका दिवाळी अंकाने न कळवता छापली, अंकही पाठवला नाही. एका मैत्रिणीने पान दाखवलं तेव्हा कळलं. वर पुढच्या वर्षी त्यांनी तीच कथा एका संग्रहात घेतली. आता हक्क त्यांचा झाला का?

खोडरबर
नाही, पानपालटी. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. तुम्ही त्यांच्या नोकरीत नसाल तर कथेच्या पहिल्या मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. तसं लिहून दिलं आणि त्यात मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात. नुसती कथा पाठवली म्हणजे संग्रहात घ्यायची परवानगी दिली असं होत नाही. त्यांना तसं पत्र पाठवा, तारखेसह, आणि अंकाची व मानधनाची मागणी करा.

मुलांच्या मासिकांकडे पैसा थोडा असतो हे मला आतून माहीत आहे, आणि तरी सांगते, मानधन विचारण्यात संकोच नको. कागदवाल्याला आणि छापखान्याला पैसे मिळतात, मग लेखकानेच का धर्मादाय काम करावं? स्वीकृतीचं पत्र आलं की तीन गोष्टी लगेच विचारा: मानधन किती, लेखकाला अंक किती मिळतील, आणि मासिक फक्त एकदा छापणार की ऑडिओ, संकेतस्थळ, पुस्तक यासाठीही कथा घेणार. उत्तर जपून ठेवा.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. सुरुवातीचं गाव काढलं, आता 1400 शब्दांवर आलोय. काल वर्गात वाचली. सुमी दात मोजायला लागली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण, "गुरुजी, आठ भरले की म्हातारी!" असं ओरडला आणि दोघांचं त्यावर भांडणच जुंपलं. "म्हणून मुलांनो" वाचलंच नाही. अहिराणीचं तेवढं राहिलं.

खोडरबर
ठेवा. निवेदन प्रमाण मराठीत असू द्या आणि सुमी, तिचे वडील, बाजारातली माणसं अहिराणीत बोलू देत. सुमी "माले भूक लागनी" म्हणाली तर सांगली-रत्नागिरीच्या मुलालाही कळतं, कारण बाजारात उभी असलेली, सकाळपासून न जेवलेली पोर त्याला दिसतेय. जिथे नुसत्या प्रसंगावरून अर्थ लागत नाही, तेवढाच शब्द बदला. कंसात अर्थ किंवा तळटीप देऊ नका, मुलं त्या वाचत नाहीत. फक्त पत्रात एक ओळ घाला: "संवाद अहिराणीत आहेत, ते प्रमाण करू नयेत, शंका असल्यास फोन करावा." नाहीतर मुद्रितशोधक चुका समजून सगळं सरळ करून टाकतो, आणि सुमी पुण्याच्या शाळेतल्या मुलीसारखी बोलायला लागते.

अजून दोनशे शब्द काढा. बाजाराच्या वाटेवरचा प्रवास मोठा असेल, बहुतेक तिथेच निघतील.