‘पंप गेलाय’ असं ऐकलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं? डिझेल गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

आमची डिझेल गाडी गेले काही दिवस चढावर दम टाकत होती. तिसऱ्या गिअरात अडीच हजार आरपीएमपर्यंत व्यवस्थित, त्यापुढे मागून कुणी दोर बांधून धरल्यासारखी. इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी००८७ हा कोड आला, म्हणजे रेलमध्ये (सिलिंडरकडे डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत) प्रेशर कमी. दोन मिनिटांत निकाल लागला : "पंप गेलाय." कुठला पंप, असं विचारल्यावर मात्र मेकॅनिकने माझ्याकडे नीट पाहिलं.

कारण माझ्या गाडीत पंप दोन आहेत. एक टाकीतला, विजेवर चालणारा. तो डिझेल उचलून जेमतेम चार-पाच बार दाबाने पुढे ढकलतो. दुसरा इंजिनवर बसवलेला हाय प्रेशर पंप. तो तेच डिझेल दाबून रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर नेतो. पहिल्याने हात आखडता घेतला की दुसऱ्याची उपासमार होते आणि कोड तोच येतो.

मी एक दिवस मागून घेतला. मागच्या सीटखालचं झाकण उघडून टाकीतल्या पंपाचा कनेक्टर काढला, चावी फिरवली, मल्टिमीटर लावला : १२ व्होल्टच्या वर. म्हणजे वायरिंग ठीक, असं म्हणून झाकण लावणारच होतो. मग आठवलं की भार नसताना मोजलेल्या व्होल्टला काही अर्थ नसतो. कनेक्टर जोडला, इंजिन सुरू ठेवलं आणि मागून पिना टोचून पुन्हा मोजलं. बॅटरीवर १४, पंपाजवळ ९ सुद्धा नाहीत. अर्थिंगचं टर्मिनल जळून काळं पडलं होतं. पंप बिचारा अर्धपोटी फिरत होता.

तुमच्या बाबतीत काय झालं? पंपच निघाला असेल तरी लिहा, नसेल तर अवश्य लिहा. फक्त ‘माझ्या मते’ नको, काय मोजलं आणि काय दिसलं ते सांगा.

* * *

माझ्या गाडीच्या टाकीत पंपच नाही. हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच छोटा गिअर पंप आहे, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. हे मला माहीत असतं तर दोन महिने वाचले असते.

लक्षण असं : सकाळी सेल्फ मार मार मारायचा, वीसेक सेकंदांनी गाडी भुरभुरत चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. बॅटरी बदलली, गार इंजिन तापवणारे ग्लो प्लग बदलले. मग अर्थातच "पंप कमजोर झालाय".

सुगावा अपघातानेच लागला. एका रात्री गाडी उतारावर, नाक खाली करून लावली होती. सकाळी अर्ध्या फेरीत चालू! दुसऱ्या रात्री मुद्दाम उलटी लावली तर पुन्हा तेच रडगाणं. टाकी इंजिनपेक्षा वर असली तर डिझेल पुढेच राहतं, खाली असली तर रात्रभरात मागे उतरतं. पण उतरायला कुठून तरी हवा आत यावी लागते. गंमत अशी की सगळी पाइपलाइन कोरडी ठणठणीत, एक थेंब गळत नव्हता, म्हणून गळती नाही असं सगळेच धरून चाललो होतो. ओढणाऱ्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे डाग शोधून उपयोग नाही.

शेवटी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी टाकली. सेल्फ मारला की मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे. मागे सरकत सरकत फिल्टरच्या झाकणाच्या ओ-रिंगपर्यंत पोचलो. फिल्टर बदलताना जुनी रिंग तशीच ठेवली होती, ती चपटी होऊन कडक झाली होती. ती बदलली आणि विषय संपला.

* * *

माझ्या टाकीत डिझेल नव्हतं.

हसू नका. फ्लोट अडकला होता, काटा पाव टाकी दाखवत होता. दोन मेकॅनिक, तीन तास, आणि ‘पंप उतरवावा लागेल’ इथपर्यंत चर्चा पोचली होती. शेवटी कॅनमधून पाच लिटर ओतलं, हातपंपाने एअर काढली आणि गाडी चालू. त्या दोघांशी आजही नजर मिळवत नाही.

* * *

मी पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) यांच्याच कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट जिवाची. जुन्या इनलाइन आणि रोटरी पंपांच्या गाड्यांत नोझलची नळी सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल येतंय का बघायचं, ही रीत होती. इनलाइन पंप १९२७ पासून बाजारात आहे, तेव्हा हातांना ती सवय पिढ्यांची. पण १९९७ मध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच रेलमधून डिझेल देणारी पद्धत, प्रवासी गाड्यांत आली आणि तो खेळ संपला. चालू इंजिनवर रेलची नळी सैल करू नका, गळती शोधायला बोट फिरवू नका. त्या प्रेशरची धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण आत इजा होऊन बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता निदान. गाडी अजिबात चालू होत नसेल तर मी आधी मागे, सायलेन्सरकडे बघतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघतोय म्हणजे डिझेल आत जातंय, फक्त जळत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. मग स्कॅनरवर रेल प्रेशर. सेल्फवर साधारण २०० ते ३०० बार झाल्याशिवाय बहुतेक गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडायची परवानगीच देत नाही. मात्र त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची नुसती चावी फिरवून बघा. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. ऐंशी-शंभर बार दिसत असतील तर सेन्सर खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं निदान त्या खोट्यावर उभं राहणार.

आकडा खरा आणि कमी असेल, तर पंपाकडे वळण्याआधी रिटर्न, म्हणजे नोझलमधून न वापरता टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजायचा. चारही नोझलच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावायच्या आणि ठरावीक वेळ इंजिन चालवायचं. चालूच होत नसेल तर नुसता सेल्फ मारायचा. एक बाटली भरली आणि बाकीच्या पावच, म्हणजे पंप भरतोय आणि ते नोझल रिकामं करतंय. गार असताना चालू होणारी आणि गरम झाल्यावर हट्ट करणारी गाडी आली की माझा पहिला संशय इथेच. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. (झिजलेला पंपही हेच करतो, म्हणून तर बाटल्या.) रेलच्या टोकाला जास्तीचं प्रेशर सोडणारा लिमिटर व्हॉल्व्ह असेल तर त्याचाही रिटर्न तपासा, तिथून धार येता कामा नये.

आयडलला आरपीएम वर-खाली लोंबकळत असेल किंवा ब्रेक मारताना गाडी बंद पडत असेल, तर बऱ्याचदा पंपावरचा, किती डिझेल आत घ्यायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असतो. पुष्कळ पंपांवर तो वेगळा बदलता येतो.

पुरवठा ठीक, रिटर्न ठीक, व्हॉल्व्ह ठीक, सेन्सर खरा आणि तरी प्रेशर चढत नाही, तेव्हा मी पंप उतरवतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच पंपांना काहीच झालेलं नसतं, हे माझ्याच धंद्याचं वाटोळं करून सांगतो.

* * *

माझा पंप खरोखर गेला होता आणि घालवला मीच. घाईत पेट्रोल भरलं. दहाएक लिटर गेल्यावर लक्षात आलं, आणि मी मूर्खाने वर डिझेल भरून ‘मिसळून जाईल’ म्हणत गाडी पुढे काढली. या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं तेल. पेट्रोल ते धुऊन काढतं आणि धातूवर धातू घासतो.

काही अंतरानंतर खडखडाट, मग ताकद कमी, मग रस्त्याच्या कडेला शांत. फिल्टर उघडून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतलं आणि उन्हात धरलं. तळाशी चमकी, रांगोळीत घालतात तशी. मेकॅनिक काही बोललाच नाही, नुसतं भांडं माझ्याकडे सरकवलं. तो चुरा पंपातून रेलमध्ये, रेलमधून नोझलमध्ये, आणि रिटर्नने परत टाकीत. नुसता पंप बदलला असता तर जुन्या चुऱ्याने नवा पंपही खाल्ला असता. पंप, रेल, नोझल, नळ्या सगळं गेलं. टाकी उतरवून धुतली.

चुकीचं इंधन पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. टाकीतला पंप चावीवरच सुरू होतो आणि ते पुढे ढकलतो.

* * *

मी गॅरेज चालवतो, दुसरी बाजू मांडतो. वर बाटल्या लावा, पिना टोचून मोजा वगैरे लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. पण दोन तास तपासून "काही बदलायचं नाही, फक्त टर्मिनल साफ केलं" असं सांगितलं की गिऱ्हाईक तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतं. तोच नवा पंप हातात दाखवला की मुकाट्याने देतं. मग मेकॅनिक काय शिकतो?

* * *

वरच्यांना : पटलं, तरीही पटलं नाही. मी तपासणीचे पैसे आनंदाने देईन, आधी सांगा तर खरं.

माझा अनुभव थोडा वेगळा. गाडी उत्तम चालत होती. मी दर रविवारी ऑइलची पट्टी बघते (घरात यावरून चेष्टा होते), तर ऑइल वाढलेलं! ऑइल कमी होतं हे माहीत होतं, वाढतं हे नव्हतं. टिश्यूवर थेंब टाकला तर भोवती पातळ कडं पसरलं आणि डिझेलचा वास. हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं, डिझेल थेट इंजिनात झिरपत होतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांत अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमुळेही, म्हणजे ती काजळी जाळण्याच्या कामामुळेही, ऑइल वाढतं, त्यामुळे आधी ती शक्यता तपासून घेतली. असं पातळ ऑइल घेऊन गाडी चालवत राहिलो तर बेअरिंगं जातात.

* * *

दोन ओळी. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सर बघा. इंजिन फिरतंय हेच ईसीयूला कळत नाही, मग तो डिझेल कशाला सोडेल? मी पंप उतरवून झाल्यावर हे कळलं.

* * *

टाकीचं झाकण उघडताना जोरात ‘सुस्स’ करून हवा आत ओढली जाते का? माझी गाडी दर तासाभराने मरायची, झाकण उघडलं की जिवंत. टाकीत हवा येण्याची वाट, म्हणजे व्हेंट, मातीने बुजली होती. टाकीत व्हॅक्युम झाला की पंप तरी किती ओढणार.

* * *

धागा काढणारा परत आलोय. नवीन टर्मिनल बसवलं, आता पंपाजवळ १३.६ व्होल्ट आहेत. चढावर चौथ्या गिअरात, चार माणसं बसवून नेली, दिवा नाही. पांढऱ्या भांड्याचा प्रतिसाद वाचून मात्र झोप लागेना, म्हणून जुना फिल्टर करवतीने उघडला. करवतीचा भुगा वेगळा काढायला अर्धा तास गेला. खाली काळपट चिखल आहे, चमकी नाही.