विषय: २५ डिसेंबरला हॉल उघडायचा का?

कडून: नवा सभासद, लीड्स

नमस्कार मंडळी,

मी ऑगस्टमध्ये इथे आलो. गणपतीला हॉलवर भेटलेल्यांना कदाचित आठवत असेन, आरतीला टाळ माझ्याकडे होते. विचारायचं होतं, २५ तारखेला, नाताळला, आपल्या मराठी मंडळाचं काही असतं का?

डिसेंबर लागला तेव्हा मी खूप उत्साहात होतो. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू द्यायच्या होत्या. माझ्या चिठ्ठीत ज्या बाई आल्या त्यांच्यासाठी लोकरीचे हातमोजे शोधत तीन दुकानं फिरलो. मग आईला शाल घेतली, बाबांना थर्मास घेतला. रस्त्यावरचे दिवे बघत चालत घरी यायचो, थंडीचंही काही वाटत नव्हतं. आता माझ्यासोबत घरात राहणारे दोघेही आपापल्या गावी चालले. ऑफिस २४ ला दुपारी बंद. जो तो विचारतो, नाताळला काय करणार? मी "काही नाही" म्हणालो की समोरचा गप्प होतो. पावणेचारला सूर्य मावळतो. ते तीन-चार दिवस कसे काढायचे, याची खरंच धास्ती वाटतेय. मनात होतं ते लिहिलं, सांभाळून घ्या.

कडून: कार्यकारिणी

आपल्या भावना समजल्या. पण मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमांत नाताळ कधीच नव्हता. तो आपला सण नाही, आणि सभासदांच्या वर्गणीतून तो करावा का, हा प्रश्न येतो. त्या दिवशी हॉलचं भाडं जास्त, गाड्या बंद, लोक येणार कसे? पुढचा कार्यक्रम संक्रांतीचा. कोणी घरी बोलावणार असेल तर जरूर कळवावं.

कडून: मावशी, मुक्काम वेंगुर्ले

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी परत येऊन सात वर्षं झाली, पण यादीतून माझं नाव काढू नका म्हणून सांगून आले होते. आज बरं वाटलं.

यजमान गेले त्या वर्षीचा नाताळ मला तासातासाने आठवतो. २४ ला संध्याकाळी दुकानात गेले. बंद व्हायची वेळ, पिवळ्या चिठ्ठ्या लावून माल अर्ध्या किमतीत काढत होते. मी चौघांना पुरेल एवढा केक घेतला, मेणबत्त्या घेतल्या, कुणाला द्यायचा ते न ठरवता एक मफलरही घेतला. पिशव्या हातात होत्या तोवर छान वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली, कोट चढवला आणि शहरात एक चक्कर मारून यावी म्हणून बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं त्या देशात राहूनही डोक्यात आलं नाही की आज बस नाही, आगगाडी नाही, मोठी दुकानं तर २००४ च्या कायद्यानेच बंद. आजवर आम्ही दोघं घरातच असायचो, त्यामुळे बाहेर काय असतं हे कधी बघितलंच नव्हतं. अर्धा तास उभी होते. समोरच्या घरात कागदी टोप्या घालून माणसं जेवायला बसलेली काचेतून दिसत होती. परत आले. केक उघडला नाही.

म्हणून "आपला सण नाही" हे वाचून वाईट वाटलं. आमच्या वेंगुर्ल्यात नाताळ कुणाचा, असं कुणी विचारत नाही. हा शब्दच पोर्तुगिजांनी आणला आणि आपल्या तोंडात मुरला. आणि तुम्ही राहता त्याच इंग्लंडातून थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा ख्रिस्ती मिशनरी १५७९ मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओवीत रचली. १६१६ साली ते क्रिस्तपुराण छापलं गेलं. परमुलखातल्या माणसाने आपली ओवी आपलीशी केली. आपल्याला त्यांचा एक दिवस आपलासा करायला काय जड आहे?

कुंपणापलीकडे बाय राहते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एक मुलगा बोटीवर, दुसरा कुवेतला. नाताळला मुलगे नसणं म्हणजे काय, ते आपल्या गणपतीला घर बंद असण्यासारखं समजा. गेल्या वर्षी २२ तारखेला तिने कुंपणावरून हाक मारली, "काय गो, मोकळी आसस? दोदोल करूचा आसा, एकट्यान ढवळूक जमणा नाय."

दोदोल म्हणजे नाताळचा गोड पदार्थ. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, चुलीवर जाड बुडाची कढई. आधी आमटीसारखं पातळ असतं, तेव्हा एका हाताने भागतं. तासाभराने उलथनं जड होतं, आणि क्षणभर हात थांबला की तळाला लागतं. ती दमली की मी, मी दमले की ती. पदराने घाम पुसायचा आणि उलथनं दुसरीच्या हातात द्यायचं. मुलगे लहान असताना खरवडीवरून भांडायचे, असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही. शेवटी कडेने तेल सुटलं, सगळा गोळा कढई सोडून उलथन्याबरोबर फिरू लागला, तेव्हा तिने काजूगर टाकले. खरवड आम्ही दोघींनी खाल्ली, तिथेच चुलीपाशी बसून.

तिच्या पडवीत टांगलेल्या नाताळच्या चांदणीला आमच्या दिवाळीच्या कंदिलाची वायर आणि बल्ब असतो, दरवर्षी तोच. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे प्रार्थनेला, माझा भाचा तिला गाडीवरून घेऊन गेला. सकाळी रुमालाने झाकलेलं ताट आलं, नेवऱ्या, दोदोल, केक. ताट रिकामं परत पाठवत नाहीत, मी परसातली केळी घातली. चतुर्थीला हेच ताट उलट दिशेने जातं.

इथेही आता डिसेंबरची मोठी गर्दी असते. बाजारात लाल टोप्या, खोल्या भरलेल्या, समुद्रावर रात्रभर गाणी. लोकांचं काजू-कोकम खपतं, मुलांना चार पैसे मिळतात, ते मला हवंच आहे. पण मिसेची घंटा त्या आवाजात ऐकू येत नाही आणि बाय अंगणात येऊन कान देऊन उभी राहते, ते बघवत नाही.

कार्यकारिणीला माझं सांगणं एवढंच आहे की दिवाळी ते संक्रांत मंडळाची वही कोरी असते आणि तिथले सगळ्यात काळोखे दिवस नेमके त्यातच येतात. हॉल नाही मिळाला तर एक घर पुरे. खर्चाचं अडत असेल तर मी पाठवते.

कडून: सभासद, ब्रॅडफर्ड

आमच्या घरी या. मी नर्स आहे, २५ ला रात्रपाळी, पण संध्याकाळी सहापर्यंत घरीच. हे गाडी घेऊन अकराला निघतील, चौघांना आणता येईल, पत्ते मला वेगळे कळवा. जेवण साधंच, पिठलं-भात आणि ज्याला जे जमेल ते. आणखी एक, कामावर मी हे दरवर्षी बघते म्हणून लिहिते. यादीवर लिहायचा धीर होत नसेल आणि फार जड वाटत असेल तर मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास चालू असतो, नाताळच्या दिवशीही, आणि फोनला पैसे पडत नाहीत. संकोच करू नका.

कडून: कार्यकारिणी

मावशी, तुमचं पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. मंडळाची मोठी कढई माझ्या गॅरेजमध्ये आहे. २४ ला ब्रॅडफर्डला पोचवतो. वर्गणीचा प्रश्न नाही. मीही येतो.

कडून: नवा सभासद, लीड्स

मावशी, डब्यातलं नारळाचं दूध चालेल का? आणि माडाचा गूळ इथे कुठे दिसला नाही.

कडून: मावशी, मुक्काम वेंगुर्ले

दूध डब्यातलं चालेल, दाट बघून घे. गूळ साधाच घे, जितका काळा मिळेल तितका. विस्तव मंद ठेव, आणि दुसरं माणूस आल्याशिवाय कढई चढवू नको. बायला तुझं सांगितलं. ती विचारते, पोरगो किती वर्षांचो, जेवता मां नीट?