बेटकास्टर सुधारायचा आहे: आधी रॉड, रीळ की नुसते बेअरिंग?

पाणकणीस

बास माशासाठी एकच बेटकास्टर जोडी वापरतो, म्हणजे रॉड आणि फेकताना ज्याचा स्पूल (लाईनची फिरकी) स्वतः फिरतो असं रीळ. रीळ लो-प्रोफाइल, गिअर ७.१:१ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे ७.१ फेरे), स्पूलचा व्यास ३४ मिमी, ब्रेक मॅग्नेटिक (चुंबकाने स्पूल रोखणारा), डायल ० ते १०. रॉड ७ फुटी मीडियम-हेवी (ताठ), फास्ट अ‍ॅक्शन (मुख्यतः टोकाकडे वाकणारा), त्यावर लुअरचं (खोट्या आमिषाचं) वजन छापलंय १० ते २८ ग्रॅम. लाईन १२ पौंडी फ्लुरोकार्बन, जाडी ०.३० मिमी, स्पूल काठोकाठ भरून साधारण ९० मीटर.

१४ ग्रॅमचा जिग (शिशाच्या डोक्याचा, एका गळाचा लुअर) मस्त जातो. अडतं ते ७ ग्रॅमच्या क्रँकबेटपाशी (जिभेमुळे पाण्यात बुडी मारणारा माशाच्या आकाराचा लुअर). ब्रेक ८ च्या खाली आणला की फेकीच्या सुरुवातीलाच गुंता, आणि ८ वर ठेवला तर लुअर निम्म्या वाटेत पडतो. समोरून वारा असेल तर विचारूच नका. शिवाय क्रँकबेटला लागलेले मासे काठाजवळ आणेपर्यंत सुटतात, जिगला लागलेले सहसा सुटत नाहीत.

सध्या यातली एकच गोष्ट घेता येईल: सिरॅमिक बेअरिंगची जोडी, चांगल्या ब्रेकचं रीळ किंवा दुसरा रॉड. व्हिडिओंत जो तो बेअरिंगच सुचवतो. नेमका कशाने फरक पडेल आणि का, ते कोणी सविस्तर सांगेल का? रीळ उघडायला हरकत नाही, पण साइडप्लेटच्या (रिळाच्या बाजूच्या झाकणाच्या) आत अजून हात घातलेला नाही.

---

तळठाव

रॉड.

गुंता कुठे होतो यावरून अर्धं निदान होतं. लुअर पाण्याला टेकताना होत असेल तर अंगठा उशिरा पडतोय. फेकीच्या मध्यावर होत असेल तर वारा, नाहीतर हवेत कोलांट्या खाणारा लुअर. अगदी सुरुवातीला होत असेल तर स्पूल एकदम उसळतोय आणि लुअर त्या वेगाने लाईन ओढून नेत नाहीये. तुमचं हे तिसरं प्रकरण आहे.

१० ते २८ ग्रॅमचा फास्ट रॉड ७ ग्रॅमने वाकतच नाही. तो वाकून सुटला तर लुअरला वेग हळूहळू चढत जातो. वाकला नाही तर आपण नकळत मनगटाने हिसका देतो, स्पूल क्षणात कमाल वेगाला पोचतो, लुअर मागे राहतो आणि मधली जास्तीची लाईन स्पूलवरच फुलते. मग ब्रेक ८ वर न्यावा लागतो आणि अंतर जातं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच मुळातून आलेल्या आहेत.

मासे सुटण्याचं कारणही तेच. जिगचा एकच जाड गळ जबड्यात रुतवायला कडक टोक लागतं. क्रँकबेटचे तीनतोंडी गळ बारीक तारेचे असतात, अर्धवट रुतलेले असतात, आणि काठाजवळ लाईन आखूड झाली की माशाच्या प्रत्येक झटक्याला कुठेतरी ढील मिळावी लागते. फास्ट रॉड ती देत नाही. गळ ओठ फाडून बाहेर येतो किंवा सरळ होतो.

घ्यायचा तो ७ फुटी मीडियम, मॉडरेट (मधल्या भागापर्यंत वाकणारा) किंवा मॉडरेट-फास्ट, ७ ते १८ ग्रॅमच्या आसपासचा. निव्वळ ग्लासचा (काचतंतूचा) नको. मोठ्या क्रँकबेटला तो उत्तम, पण ७ ग्रॅमला त्याचं टोक जड आणि सुस्त वाटतं. ग्लास-कार्बन मिश्र किंवा मऊ कार्बन बघा. सध्याचा रॉड जिग आणि टेक्सास रिगसाठी (गळाचं टोक रबरी वर्ममध्ये लपवलेली जोडणी) राहू द्या, तो त्याच कामाचा आहे.

घेताना स्वतःचं रीळ लावून बघा. लाईन ओवून कोणाला तरी टोक खाली ओढायला सांगा. वाकलेल्या रॉडवर दोन गाइडच्या (लाईन ओवायच्या कड्यांच्या) मधे लाईन ब्लँकला (रॉडच्या दांडीला) घासत असेल तर गाइड कमी आहेत, तो रॉड सोडा. प्रत्येक गाइडच्या कड्यातून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले की तिथे बारीक चीर आहे, आणि ती चीर नवी कोरी लाईनही कापते.

आणि रॉडवर छापलेलं वजन म्हणजे पाण्यावर फेकायचं एकूण वजन. ७ ग्रॅमच्या जिगला ४ ग्रॅमचं रबरी शेपूट जोडलं की तो ११ ग्रॅमचा झाला. उलट मीठ मिसळलेला पाच इंची जाडसर सॉफ्ट वर्म शिसं न लावताही ९-१० ग्रॅम भरतो, त्यामुळे 'बिनवजनाचा' असूनही तो बरा जातो. छोटा तराजू जवळ ठेवा, अंदाजाने भरवसा धरू नका.

---

स्पूलवाला

रॉडला +१. पण काहीही विकत घेण्याआधी स्पूलवरची लाईन कमी करा, सगळ्यात स्वस्त सुधारणा तीच.

हिशेब साधा आहे. फ्लुरोकार्बनची घनता सुमारे १.७८. ०.३० मिमी जाडीची ९० मीटर लाईन म्हणजे ११ ग्रॅमच्या वर वजन, आणि त्यातलं बरंचसं स्पूलच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे फिरवायला सर्वात जड पडणाऱ्या जागी. ७ ग्रॅमच्या लुअरने आधी हे सगळं फिरवायचं आणि मग उडायचं! त्याऐवजी १० पौंडी, ०.२६ मिमीची, ६० मीटर भरा. वजन पावणेसहा ग्रॅमच्या आसपास येतं, जवळजवळ निम्मं. ७ ग्रॅमची फेक ६० मीटरच्या आतच राहते. बारीक लाईनवर क्रँकबेट थोडा खोलही जातो, तो वेगळा फायदा.

तोटा एकच. स्पूलवर लाईनचा घेर कमी झाला की हँडलच्या एका फेऱ्यात कमी लाईन येते. ३४ मिमी व्यासाला ७.१ च्या गिअरने सुमारे ७६ सेंमी येते, ३१ मिमीला ६९. क्रँकबेटला हे उलट सोयीचं.

आता ब्रेक. मॅग्नेटिक ब्रेकचा जोर स्पूलच्या वेगाच्या प्रमाणात असतो. सेंट्रिफ्यूगलचा (फिरण्याच्या जोराने बाहेर सरकून घासणाऱ्या ठोकळ्यांचा) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे सेंट्रिफ्यूगल सुरुवातीच्या उसळीला जोरात धरतो आणि वेग उतरला की जवळपास सोडून देतो. साधा मॅग्नेटिक शेवटपर्यंत थोडाथोडा ओढत राहतो. तुमचा लुअर ८ वर अर्ध्यात का पडतो, ते यातच आलं. डायवाच्या मॅगफोर्स-झेडमध्ये वेग वाढला की इंडक्टर स्प्रिंगविरुद्ध बाहेर सरकतो आणि चुंबकांच्या मधे जातो, वेग उतरला की परत येतो. शिमानोच्या डीसी रिळात स्पूलच्या फिरण्यातूनच वीज तयार होते आणि मायक्रोप्रोसेसर वेग बघून ब्रेक लावतो, बॅटरी लागत नाही. समोरच्या वाऱ्यात हलके लुअर रोज फेकायचे असतील तर पुढेमागे असं रीळ घ्या. पण कडक रॉडवर लावलंत तर तेही फारसं काही करू शकणार नाही.

सध्याचं रीळ असं लावून बघा. टेन्शन नॉब (स्पूलच्या दांड्याला बाजूने दाबणारी चावी) सैल करा, अंगठ्याने स्पूल डावी-उजवीकडे हलवा, हलणं जेमतेम बंद होईल इतकाच नॉब आवळा आणि नंतर त्याला हात लावू नका. 'लुअर सावकाश खाली येईपर्यंत नॉब आवळा' हा जुना सल्ला हलक्या लुअरला मारक आहे, कारण तो दाब पूर्ण फेकभर राहतो. मग ब्रेक ८ वर ठेवून सपाट, बाजूने, सावकाश फेका. एकेक घर कमी करत जा. स्पूलवर लाईन किंचित फुलायला लागली की एक घर मागे. ते त्या लुअरचं, त्या वाऱ्यातलं घर. लुअर बदलला की पुन्हा.

गुंता झालाच तर ओढाताण करू नका. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून हँडल तीन-चार वेळा फिरवा, मग क्लच (स्पूल मोकळा करणारा खटका) सोडून लाईन हलकेच ओढा. बहुतेक वेळा सुटतो. फ्लुरोकार्बनला घडी पडली असेल तर तिथून कापा, ती पुढच्या हिसड्याला तिथेच तुटते.

---

चिमटा

बेअरिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

बोटाने स्पूल फिरवून तो किती सेकंद फिरतो हे दाखवणारे व्हिडिओ बघू नका. रिकामा स्पूल, ब्रेक शून्य, लाईन नाही, लुअर नाही. फेकीत असं काही नसतं. १४ ग्रॅमला सिरॅमिक बेअरिंगने फरक जाणवतही नाही. ७ ग्रॅमच्या खाली जाणवतो, कारण तिथे स्पूल सुरू व्हायला लागणारा जोर मोजण्याइतका ठरतो. पण स्पूल सहज सुटणं हीच तर तुमची सध्याची अडचण आहे. रॉड तोच ठेवून बेअरिंग बदलले तर ब्रेक ८ चा ९ करावा लागेल, इतकंच.

त्याऐवजी आहेत ते धुवा. पुष्कळ रिळांत कारखान्यातून घट्टसर तेल भरलेलं येतं, ते काढलं की सिरॅमिकचा बराचसा फायदा फुकट मिळतो.

साइडप्लेट काढून स्पूल बाहेर घ्या. एक बेअरिंग साइडप्लेटमध्ये असतं, दुसरं टेन्शन नॉबच्या टोपीखाली. त्यांना धरणारी तारेची कडी सुईने उचला, दुसरं बोट वर ठेवून, नाहीतर ती कुठे उडाली ते सापडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही मिनिटं बुडवून हलवा, द्राव गढूळ झाला तर बदला, पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येकात पातळ तेलाचा एकच थेंब. दोन टाकले की पुन्हा जैसे थे.

काही रिळांत तिसरं बेअरिंग स्पूलच्या दांड्यावरच असतं, आडव्या पिनने अडवलेलं. ती पिन काढायचं वेगळं अवजार मिळतं. हातोडी-खिळ्याने ठोकलंत आणि दांडा केसभर वाकला तर प्रत्येक फेकीला स्पूल थरथरेल, आणि त्याला इलाज नवा स्पूलच.

डायवाचं मॅगसील बेअरिंग असेल तर त्याला हात लावू नका, ना अल्कोहोल ना तेल. त्यातलं चुंबकीय तेल गेलं की ते गेलं.

पुढे कधी बदलायचेच झाले तर काढलेल्या बेअरिंगचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजा. ३×१०×४ आणि ५×११×४ ही मापं नेहमीची, पण एकाच रिळात दोन्हीकडे वेगळी असू शकतात. आणि सिरॅमिक सूं सूं आवाज करतात, तो बिघाड नव्हे.

---

पाणकणीस

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. रॉडचं ठरलं. आणखी दोन शंका: क्रँकबेटसाठी ५ किंवा ६ च्या गिअरचं रीळ लागतंच म्हणतात, ७.१ वर भागेल का? आणि जुन्या रॉडसाठी ५० पौंडी ब्रेड (विणलेली लाईन) भरायचा विचार आहे, त्यात काही धोका?

---

तळठाव

७ ग्रॅमच्या उथळ क्रँकबेटला ७.१ चालतं, फक्त हात आवरून फिरवायचं. खोल जाणाऱ्या, रुंद जिभेच्या लुअरला मात्र हात भरून येतो.

मधला मार्ग लांब हँडलचा. लाईनवर येणारा जोर = हातचा जोर × हँडलची त्रिज्या ÷ (गिअर × स्पूलची त्रिज्या). घर्षण सोडून द्या. ९० मिमी हँडलची त्रिज्या ४५. ७.१ आणि १७ मिमी त्रिज्येचा स्पूल धरला तर गुणक ०.३७. तेच हँडल ६.३ च्या रिळावर ०.४२. आता ७.१ वर १०० मिमीचं हँडल लावा: ०.४१. जवळजवळ तेच. बदल्यात हाताचा फेरा मोठा होतो आणि जिगवरचा हलकेपणा थोडा जातो.

---

स्पूलवाला

ब्रेड थेट उघड्या स्पूलवर बांधू नका. ती रुतून बसत नाही, सगळा गठ्ठा स्पूलभोवती गोल फिरतो. माणूस ड्रॅग (मासा ओढताना लाईन सोडणारी घर्षणाची यंत्रणा) आवळत बसतो आणि दोष ड्रॅगचा नसतोच. खाली १०-१५ मीटर नायलॉन मोनो (एकतारी लाईन) घट्ट गुंडाळा, त्यावर ब्रेड, तीही ओल्या कापडातून ताणून. सैल भरली तर मोठ्या माशाच्या ओढीने वरची लाईन खालच्या थरांत शिरते आणि पुढची फेक जागच्या जागी थांबते.

५० पौंडी ब्रेड साधारण १२ पौंडी मोनोइतकी जाड, तेव्हा जागा पुरेल. ब्रेड ताणली जात नाही आणि रॉड फास्ट, त्यामुळे उघड्या पाण्यात ड्रॅग जरा सैल ठेवा. दाट वनस्पतीत आवळा, तिथे माशाला डोकं खाली घालू द्यायचं नसतं.

---

चिमटा

हँडल मागवताना दांड्याचं माप बघा: शिमानो-डायवाच्या लो-प्रोफाइल रिळांना बहुधा ८×५ मिमी, आबूला ७×४. नटचे आटेही तपासा, डाव्या हाताच्या रिळाला ते बऱ्याचदा उलटे असतात. 'बसत नाही' म्हणून पान्याने जोर लावला की आटे जातात.

आणि हँडल काढलंच आहे तर खालच्या एकदिशा क्लचला (हँडल मागे फिरू न देणाऱ्या बेअरिंगला) ग्रीस लावू नका. त्यातले रोलर बुळबुळीत झाले की हिसडा देताना हँडल मागे घसरतं. तिथे पातळ तेलाचा पुसट हात पुरतो. ग्रीस मोठ्या गिअरला, आणि कार्बन ड्रॅग वॉशरला फक्त ड्रॅगचंच, तेही पुसून घेतल्यासारखं.