कंप नसला तरी पार्किन्सन असू शकतो

पार्किन्सन या मेंदूच्या आजारावरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'हात थरथरत नाहीत, म्हणजे पार्किन्सन नाही.' हे पटलं नाही. कंप काहींना अजिबात येत नाही. त्याऐवजी चालताना एक हात हलायचा थांबतो, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. अक्षर तर बघण्यासारखं असतं: ओळ सुरू होते नीट आणि शेवटाकडे मुंगीएवढी होत जाते.

त्याच्याही कितीतरी वर्षं आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, माणूस झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडतो. (अर्थात बद्धकोष्ठता झाली म्हणून लगेच घाबरू नका, ती कुणालाही होते!)

संशोधनाचा सगळा जोर आता याच आधीच्या काळावर आहे. या आजारात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीने गोळा होतं आणि शेजारच्या प्रथिनालाही बिघडवतं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात ते पकडणारी चाचणी आली आहे. २०२३च्या मोठ्या अभ्यासात तिने सुमारे ८८ टक्के रुग्ण बरोबर ओळखले. माझ्या मते ही लेव्होडोपानंतरची (म्हणजे पार्किन्सनवरच्या मुख्य औषधानंतरची) सर्वात मोठी गोष्ट आहे, जरी आजार थोपवणारं औषध अजून हाती नसलं तरी.

रुग्णसंख्येबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९मध्ये ८५ लाखांहून अधिक, म्हणजे २५ वर्षांत दुप्पट. आयुर्मान वाढलं हे खरं, पण पॅराक्वाटसारखी तणनाशकं आणि ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावकही संशयाच्या यादीत आहेत. त्यावर इथे कुणी बोललंच नाही.